तिकडे तो सुखी राहील!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचे एक जुने स्नेही संध्याकाळचे आमच्याकडे आले. गृहस्थ सुविद्य आहेत. उभी हयात त्यांनी अध्यापनात घालविली, आणि घरी दोन कपाटे भरून पुस्तके आहेत. धानाची रोवणी, कन्हानचे चढलेले पाणी, घरोघरचा ताप-खोकला असे नेहमीचे विषय आटोपल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर अमेरिकेतील पाच शहरांची नावे होती : सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल, बॉस्टन, शिकागो आणि ह्यूस्टन. त्यांचा मुलगा पुण्यास अभियंता आहे. त्याची कंपनी त्यास अमेरिकेत धाडणार असून यांपैकी कोणत्याही गावी राहण्याची त्यास मुभा आहे. ‘‘भाऊसाहेब, तुम्ही वाचता-लिहिता. आमच्या मुलासारख्या मुलांना यांतले कोणते गाव बरे, ते सांगा,’’ असे ते म्हणाले. ‘मुलासारख्या’ या शब्दाचा अर्थ आम्ही विचारला नाही, आणि त्यांनीही सांगितला नाही. दोघांसही तो ठाऊक होता. या मुलाचे प्रेम पुरुषावर आहे. चार वर्षांपूर्वी त्याने हे आईबापांस सांगितले. त्यानंतर तो मौद्यास दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा सणवार टाळून आला. हा प्रसंग स्नेह्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे सारे वगळून, आम्ही येथे देत आहो.

प्रश्न सरळ होता, आणि त्यास उत्तर देणे शक्यही होते. समलिंगी माणसांस राहण्याजोगे वा हिंडण्याजोगे शहर कोणते, हे ठरविण्याची विद्या अमेरिकेत बरीच जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात बॉब डॅम्रन नामक गृहस्थाने खिशात मावेल अशी पत्त्यांची एक पुस्तिका काढली. परक्या गावी पोलिसांचा ससेमिरा चुकवून चार घटका निर्धास्त कोठे बसावे, एवढेच त्यात असे. आज हे काम संस्था करतात. ‘ह्यूमन राइट्स कॅम्पेन’ ही संस्था २०१२ पासून नगरपालिकांस शंभरांपैकी गुण देते. भेदभावाविरुद्ध शहराचा कायदा आहे काय, पालिका आपल्या नोकरांस समान वागविते काय, नागरी सोयी सर्वांस सारख्या आहेत काय, पोलिसांची वागणूक कशी आहे, आणि नगराचे पुढारी उघडपणे काय बोलतात, अशा पाच अंगांनी ही परीक्षा होते. हे सारे आम्ही स्नेह्यांस सांगितले. हेही सांगितले की, गुण मिळतात ते पालिकेला, शेजाऱ्याला नव्हे. घरभाडे त्यात मोजलेले नसते. आणि शहराच्या डोक्यावर राज्य बसलेले असते, त्याचे कायदे निराळे पाहावे लागतात.

ह्यूस्टनचेच उदाहरण घ्यावे. १९९८ साली त्या परिसरात पोलिसांनी दोन पुरुषांस त्यांपैकी एकाच्या राहत्या घरात शिरून पकडले, कारण टेक्सस राज्याच्या कायद्याने त्यांचा संबंध हा गुन्हा होता. त्या प्रकरणावरूनच २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले सारे कायदे रद्द ठरविले. त्याच ह्यूस्टनने पुढे ॲनिस पार्कर या उघडपणे समलिंगी असलेल्या बाईंस महापौर निवडले, आणि २०१० पासून सहा वर्षे त्यांनी नगराचा कारभार पाहिला. आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २०१५ च्या नोव्हेंबरात, त्याच मतदारांनी भेदभावास बंदी करणारा नगराचा नियम मते देऊन मोडून काढला! सॅन फ्रान्सिस्कोची कीर्ती मोठी. पण तेथेही २००४ च्या फेब्रुवारीत महापौरांनी समलिंगी जोडप्यांस दिलेले विवाहाचे परवाने त्याच वर्षी ऑगस्टात राज्याच्या न्यायालयाने निरर्थक ठरविले. २००८ साली ते विवाह पुन्हा सुरू झाले आणि सहा महिन्यांच्या आत मतदानाने पुन्हा बंद पडले. सबंध देशात हा हक्क मिळाला तो २६ जून २०१५ रोजी. ज्या देशाकडे आम्ही आज आशेने पाहतो, त्याच्या कायद्याने १९९० पर्यंत अशा परकीयास दारातूनच परत पाठविता येत असे, हेही विसरू नये. तात्पर्य, शहराचा चांगुलपणा हा डोंगर-नदीसारखा त्या जागी निसर्गाने ठेवलेला नसतो. तो माणसांनी मिळविलेला असतो, आणि माणसांकडूनच गमावला जातो.

इतके ऐकून स्नेह्यांनी बॉस्टन आणि सिॲटल या नावांखाली रेघा ओढल्या, आणि उठता उठता ते म्हणाले, ‘‘मौद्यात त्याचे कसे निभायचे? तिकडे तो सुखी राहील.’’

हे वाक्य आम्ही त्या संध्याकाळी प्रथम ऐकले असे नाही. शब्द थोडे बदलतात. कोठे ‘तिकडे’ म्हणजे पुणे असते, कोठे मुंबई, कोठे नुसते नागपूर. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, डोळ्यांत पाणीही असते. तरी आमचे स्पष्ट मत असे आहे की, सुशिक्षित महाराष्ट्रीय कुटुंबाने आपल्या पोटच्या मुलास हद्दपार करण्याकरिता काढलेला हा सर्वांत सभ्य हुकूम आहे. यात शिवी नाही, मारहाण नाही. उलट तिकिटाचे पैसे वडीलच देतात. परंतु हुकूम तो हुकूमच. येथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. ज्यास घरी मार बसतो, ज्यास कोंडले जाते, ज्याचे लग्न बळजबरीने लावण्याचा घाट घातला जातो, त्याने मिळेल त्या गाडीने निघावे. त्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यास परदेश पाहावासा वाटतो, त्यानेही खुशाल जावे. आमचा वाद जाणाऱ्याशी नाही. तो धाडणाराशी आहे.

अमेरिकेतील यादी आम्ही येथे वापरू लागलो, यात एक मोठी तर्काची चूक आहे. तिकडे कायदा राज्यागणिक बदलत होता. इलिनॉय राज्याने १९६१ सालीच हे कलम काढून टाकण्याचे ठरविले, टेक्ससमध्ये ते २००३ पर्यंत जिवंत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ साली विवाहाची नोंद होऊ लागली, आणि अन्य कित्येक राज्यांत ती पुढील अकरा वर्षे नाकारली जात होती. अशा देशात गाव बदलणे म्हणजे खरोखरच कायदा बदलणे होते. आमच्याकडे असे कधीही नव्हते. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम मौद्यात जेवढे लागू होते, तेवढेच मलबार हिलवर होते. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा दोहींकडे एकच. २००९ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्याची धार काढली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता अमलात आली, तीत ते कलमच उरलेले नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला गेला. पण तोही मुंबईस नाकारला आणि मौद्यासही नाकारला. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहता ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ यांत तसूभर अंतर नाही.

मग अंतर आहे ते कशात? अनोळखीपणात. मुंबईच्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तुम्ही कोणाचे कोण, हे कोणी विचारीत नाही. मौद्यात बसस्थानकापासून घरापर्यंत पोचेतो चार जण वडिलांचे नाव घेऊन हाक मारतात. मोठ्या नगरात सोबतीही मिळतात. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ पासून काम करीत आहे. आणि फार दूर कशाला, आमच्या नागपुरातच ‘सारथी ट्रस्ट’ आहे, व २०१६ पासून तेथील रस्त्यावरून समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांचे संचलनही निघू लागले. सोबत ही मोलाची गोष्ट आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण अनोळखीपणा म्हणजे सुख नव्हे. ज्या गावी आपणांस कोणी ओळखीत नाही म्हणून आपण सुरक्षित आहो, तेथे आपण आजारी पडलो तरी कोणी ओळखीत नाही.

आणि मौदा नवख्या माणसांस बिचकतो, असेही नाही. येथे २,३२० मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले, तेव्हापासून साऱ्या हिंदुस्थानातून माणसे येथे येऊन राहिली. दोन अविवाहित तरुण एका खोलीत राहतात, एका चुलीवर स्वयंपाक करतात, एकाच दुचाकीवरून बाजारास जातात; घरमालक भाडे घेतो आणि कोजागिरीस दोघांस दूध प्यावयास बोलावितो. दोन पुरुषांनी एकत्र राहण्यास गावाची यत्किंचित हरकत नाही. हरकत आहे ती त्यांनी खरे बोलण्यास. ज्या समाजास खोटे चालते आणि खरे तेवढे सोसत नाही, त्याने स्वतःस नीतिमान म्हणवून घ्यावे हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

येथून फार दूर नसलेल्या यवतमाळची एक हकीकत वाचकांस आठवत असेल. तेथील एक तरुण मुंबईच्या आय. आय. टी.त शिकून कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. कॅलिफोर्निया म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या भाषेत ‘तिकडे’च! तेथे त्यास विवाहाचा पूर्ण हक्क होता. तरीही २०१७ च्या डिसेंबरअखेर तो आपल्या जोडीदारास घेऊन यवतमाळास आला आणि आप्तेष्टांच्या देखत त्याने तेथे विवाहसमारंभ केला. लक्षात घ्यावे, तेव्हा ३७७ वे कलम जिवंत होते. कायदा उलट असता जे यवतमाळात घडू शकले, ते कायदा निवळल्यावर मौद्याच्या दिवाणखान्यात का घडू नये? त्या तरुणाने जगातील सर्वांत अनुकूल म्हणून वाखाणलेला प्रदेश मिळविलेला होता. तरीही मंगलाक्षता हव्या होत्या त्या आपल्याच माणसांच्या हातच्या. ज्यांना वाटते की चांगले शहर शोधून दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, त्यांनी या गोष्टीचा नीट विचार करावा.

आता विरुद्ध पक्षाचे आक्षेप. पहिला नेहमीचा : हे परकीय खूळ आहे, आपल्यात असे नव्हते. यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. परकीय होते ते ३७७ वे कलम. मेकॉलेच्या मसुद्यावरून इंग्रजांनी ते येथे आणले. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’वर १९३४ साली खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांस छापून उत्तरे दिली म्हणून, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या. कर्व्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी दंड झालाच. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही मराठी माणूस मराठी मासिकाला हेच विचारीत होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. आम्ही नाटक पाहिले, टाळ्या वाजविल्या, आणि घरी येऊन मुलीच्या पत्रिका जुळविण्यास बसलो.

दुसरा आक्षेप : लोक काय म्हणतील, आणि धाकट्या बहिणीचे लग्न कसे होईल? हा आक्षेप पोकळ नव्हे. आमच्या समाजात याची किंमत खरोखर मोजावी लागते. परंतु याच आक्षेपाचे दुसरे टोक पाहावे. मुलगा परगावी धाडला तरी ‘लग्न कधी?’ हा प्रश्न गावात राहतोच. मग दोन-चार वर्षांत वडिलांचा धीर सुटतो, आणि एखाद्या निरपराध कुटुंबातील मुलगी काहीही न सांगता त्याच्या गळ्यात बांधली जाते. तिचे पुढे काय होते? नवरा वाईट नसतो, व्यसनी नसतो, अंगावर हात टाकीत नाही. तो तिचा कधी होतच नाही, एवढेच. तक्रार करावयास तिच्यापाशी शब्दही नसतो. आपल्या मुलीच्या लग्नाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक वाचकाने स्वतःस विचारावे की, असा जावई आपणांस कोणी फसवून दिला तर ती अब्रू कोणाची गेली? खरे बोलून ज्याची बहीण दोन स्थळे गमावते, त्याने निदान तिसऱ्याच्या मुलीस बुडविले नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचारी लोकांचा आहे. समाज हळूहळू बदलेल. तोवर मुलाने वाट का पाहावी? त्याने पाहू नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण समाज कोणाच्या हातून बदलावयाचा? सॅन फ्रान्सिस्कोतील कॅस्ट्रो ही आज जगप्रसिद्ध असलेली वस्ती एके काळी आयरिश कामकऱ्यांची साधी पेठ होती. तिची कीर्ती झाली ती ठिकठिकाणच्या गावांनी दूर सारलेल्या मुलामुलींच्या कष्टांनी. न्यूयॉर्ककडून आलेल्या हार्वी मिल्क याने तेथे छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान घातले, अनेक पराभव सोसून १९७७ साली तो नगराच्या सभेवर निवडून आला, आणि पुढच्याच वर्षी, २७ नोव्हेंबरास, नगरभवनातच त्याचा खून झाला. ती वस्ती अशी महाग पडलेली आहे. दुसऱ्यांच्या मुलांनी रक्त सांडून जी जागा बरी केली, तेथे आपला मुलगा धाडावा, आणि आपल्या गावाकरिता मात्र आपण एक वाक्यही बोलू नये, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

याच बाबतीत पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांचे उदाहरण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ते संगणक-अभियंते, अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरात राहिलेले. तेथे १९८६ पासून ‘त्रिकोण’ ही दक्षिण आशियाई समलिंगी लोकांची संस्था होती. तिच्याशी त्यांचा संबंध आला. मनात आणते तर ते तेथेच सुखाने राहते. ते पुण्यास परत आले, २००२ साली त्यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला, आणि आईबापांस व मुलांस कळेल अशा साध्या मराठीत पुस्तके लिहिली. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी कित्येक घरांत लपवून वाचली गेली असेल. पुणे आज ‘तिकडे’ या सदरात मोडते, ते पुण्याच्या हवेमुळे नव्हे. अशा परतून आलेल्या माणसांमुळे.

या साऱ्या चर्चेत ज्यांचे नावही निघत नाही, अशांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मुलग्यांसाठी यादी घेऊन येणारे वडील निदान भेटतात. मुलीसाठी अशी यादी घेऊन आमच्याकडे आजवर कोणीही आलेले नाही. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन स्त्री-डॉक्टरांनी आप्तेष्टांसमक्ष एकमेकींस अंगठ्या घातल्या; वृत्तपत्रांत ती वार्ता झळकली आणि कौतुकही झाले. परंतु त्या स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. जी मुलगी बारावीनंतर घरी बसली आहे, जिला नागपूरला जावयाचे तरी भावाची सोबत लागते, तिला बॉस्टन काय आणि बर्डी काय, सारखीच दूर. तसाच शेतमजुराचा मुलगा. त्यास कंपनी नाही, व्हिसा नाही, पुण्यात खोली घेण्याची ऐपत नाही. ‘चांगले शहर निवडा’ हा उपदेश फक्त ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांच्याकरिता आहे. बाकीच्यांस एकच शहर मिळालेले आहे, आणि ते मौदा आहे. तेव्हा हे गाव सुधारणे हा चैनीचा प्रश्न नसून गरिबाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि सुधारणा तरी किती अवघड आहे? कॅस्ट्रोसारखी पेठ येथे वसवा, असे कोणी म्हणत नाही. सरकारने २०२४ साली राज्यांस कळविले की, एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांस शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आडकाठी नाही, हेही त्याच वर्षी जाहीर केले. ज्यांस सरकारी शिधापत्रिका एक कुटुंब म्हणू शकते, त्यांस आमच्या पंगतीत दोन पाट शेजारी मांडता येऊ नयेत काय? मुलाने आपल्या मित्राचे नाव घेतले तर विषय न बदलता तो काय करतो, कोठला, त्यास काय आवडते, एवढे विचारावे. नातेवाइकांनी लग्नाची चौकशी केली तर ‘तो अजून कामात आहे’ हे खोटे बोलू नये. गावातील दुसऱ्या कोणाच्या मुलाची टिंगल चालली असेल तर आपण उठून जावे. आणि ज्या मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरत आहे असे आपणांस कळते, तिच्या आईशी एकदा बोलावे. यांतील एकाही गोष्टीस संसदेची संमती लागत नाही.

स्नेह्यांचा तो कागद अद्याप आमच्या टेबलावर आहे. जाताना ते तो विसरले. मुलाने सिॲटल पसंत केल्याचे मागाहून कळले. तो खुशाल जावो. त्यास तेथे चांगले मित्र मिळोत. मौद्याचे नाव त्या यादीत घालण्याजोगे आज नाही, हे आम्हीही जाणतो, आणि त्याची लाज आमच्या स्नेह्यांइतकीच आमचीही आहे. परंतु निघण्यापूर्वी मुलास चार दिवस घरी बोलवा, आणि एकट्यास नव्हे, जोडीदारासह बोलवा, असे आम्ही स्नेह्यांस लिहून कळविले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. ते आले नाही तरी आमच्या घरी त्या दोघांचे जेवण ठरलेले आहे, एवढे त्यांस पुन्हा एकवार येथे कळवितो.